दुधाची दाढ

आई गेली म्हणून डोकं भादरलं, आणि त्या डोक्यापायी माझी दाढ गेली. हसू नका. मलाही आधी हसूच आलं होतं. मग त्यांनी तोंडात लोखंड घातलं.

मी मायाप्पा कोळेकर. गाव मंगळवेढ्याजवळ, काम पवनचक्कीचं. ढालगावच्या माळावर पात्यांना दोरानं लोंबकळून डागडुजी करायला शिकलो आणि तेवढ्या कसबावर उत्तरसंघात, म्हणजे पार वरच्या थंड देशांच्या संघात, गेलो. तिथं समुद्रात पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. स्काल्वीक नावाच्या बंदरात घर केलं, गावाकडून शालनला लग्न करून नेली, मंजुळा तिथंच झाली आणि शालन तिथंच तापानं गेली. कायमच्या वास्तव्याचं कार्ड मिळालं तेव्हा मी ते देवापुढं ठेवलं होतं. मुलगी तर जन्मानंच तिथली नागरिक.

मग आईला अर्धांगवायू झाला. मंजुळेला शेजारच्या टूवाबाईकडं ठेवलं, चार महिन्यांत येतो म्हणून गावी आलो आणि अडकलो. आई बरीही होईना आणि सुटेनाही. मंजुळा फोनवर आधी रडायची, मग भांडायची, मग फोनच घेईना. तीन वर्षं देशाबाहेर काढली की कार्ड रद्द, आणि आईविना पोर कायमची सरकारी पालकांच्या ताब्यात, असा तिथला कायदा. ती मुदत जवळ आली आणि आई गेली. दहावं-तेरावं उरकलं आणि सरळ विमान धरलं. डोकं तुळतुळीत, मिशीसुद्धा नाही.

स्काल्वीकच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईनं माझं कार्ड हातात घेतलं, मग डोक्याकडं पाहिलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"केस कुठं आहेत?"

"भीमेत," मी म्हटलं. "आई वारली. आमच्यात काढतात."

"कायमचे रहिवासी आहात ना? मग परत येताना केस काढायचे नाहीत हा नियम माहीत नाही?"

"अहो बाई, मी होतो तेव्हा असला नियम नव्हता!"

तिनं बटण दाबलं. पिवळ्या दाढीचा एक दांडगा पहारेकरी आला आणि त्यानं माझा हात पाठीमागं असा काही पिरगाळला की खांद्यात कळ गेली.

मी नव्हतो तेवढ्यात तिथं एक यंत्र आलं होतं. त्याचं शास्त्र मला डॉक्टर वेरा नावाच्या बाईनं नंतर समजावलं, ते आत्ताच सांगून टाकतो. पाणी सगळीकडं सारखं नसतं. पाण्याचे काही रेणू किंचित जड, काही हलके. समुद्रावरची वाफ उत्तरेकडं सरकते तसं जड पाणी वाटेत पडून जातं आणि बर्फाच्या मुलखात हलकं तेवढं उरतं. अन्नाचंही तसंच. हवेतल्या कार्बनमध्ये एक जड असतो, एक हलका. गहू, तांदूळ, बटाटा ही मंडळी जड कार्बन टाळतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस तेवढे नखरे करत नाहीत. आपण जे खातो-पितो त्याचंच आपलं अंग बनतं. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, आणि त्या महिन्याचं पाणी आणि अन्न त्यात कायमचं कोंडलं जातं. म्हणून सीमेवर एक केस घ्यायचा, यंत्रात घालायचा, आणि कागदावर म्हणतोय तिथंच हा माणूस होता का, ते बघायचं.

यात काही वाईट नव्हतं. पण माणसं घुसवणाऱ्या दलालांनी लोकांची डोकी भादरून पाठवायला सुरुवात केली. मग कायदा आला, की जो टक्कल करून येईल त्याची दाढ काढायची. दाढेच्या मुळावर दरवर्षी एक पातळ थर चढतो, झाडाच्या खोडात वलयं पडतात तसा. यंत्र एकेक थर जाळून बघतं आणि कोणत्या साली तुम्ही कुठलं पाणी प्यालात, कुठलं धान्य खाल्लंत, ते सांगतं. त्या यंत्राचं सरकारी नाव लांबलचक आहे. मी त्याला चरक म्हणतो. ऊस घालावा तसा माणूस घालायचा आणि पिळायचा.

मला खुर्चीत बसवून पट्टे आवळले. तोंड उघड म्हणाले. मी जे म्हटलं ते इथं लिहीत नाही, पण भिंतीवर दुभाष्या यंत्राचा भोंगा होता, त्यानं ते इमानदारीत त्यांच्या भाषेत सांगितलं आणि नोंदवूनही घेतलं. पिवळ्या दाढीवाल्यानं माझ्या बरगडीत कोपर मारलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं तेवढ्यात दुसऱ्यानं जबड्यात लोखंडी आकडा अडकवला. सुई टोचली खरी, पण ती चढायच्या आधीच चिमटा आत गेला. दाढ सुखासुखी येईना. त्यानं गुडघा माझ्या छातीवर रोवला आणि हिसका दिला. कानामागं काहीतरी कडाडलं. तोंड रक्तानं भरलं आणि मी ते त्याच्या स्वच्छ पांढऱ्या कपड्यांवर थुंकलो. त्याबद्दल अजून एक कोपर खाल्लं. परवडलं.

मग एका दालनात नेऊन सोडलं. तिथं बसलेले सगळे टकले, आणि सगळ्यांच्या गालात कापूस. शेजारी आल्मझ नावाची इथिओपियाची म्हातारी होती. आजारपणात तिचे केस गेलेले. उभं आयुष्य तिनं स्काल्वीकच्या शाळेत झाडलोट केली होती, आणि बहिणीच्या मातीला म्हणून मायदेशी गेली ती तिकडच्या दंगलीत अडकून पडली. तिनं स्वतःजवळचा कापूस मला दिला.

"दाबून धर," ती तिथल्या भाषेत म्हणाली. "माझा निकाल लागला. यंत्र म्हणतंय मी इथं कधी राहिलेच नाही. पण माझा मुलगा आलाय साक्षीला. तो बस चालवतो. इथंच जन्मलाय. आता होईल नीट."

काचेपलीकडं तिचा मुलगा दिसला. दावित नाव. बस-चालकाचा निळा गणवेश, हसरा गडी. त्यानं आईला हात केला, स्वतः होऊन खुर्चीत बसला आणि दाढ काढून दिली. वर अंगठा करून दाखवला. मीही अंगठा दाखवला. मला वाटलं, चला, म्हातारी सुटली.

यंत्रावर लाल दिवा लागला.

पुढचं सगळं इतक्या झटकन झालं की दावित हसतच होता. दोघांनी त्याला खुर्चीसकट पालथा केला. "मी इथं जन्मलोय!" म्हणून तो ओरडत होता, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच हेलात. दंडुका त्याच्या पाठीवर पडला, मानेवर पडला, मग हातावर पडला आणि हात विचित्र वाकला. आल्मझ काचेवर धडका घ्यायला लागली. माझ्या तोंडातून शिवी गेली आणि मी उठलो, तर पिवळ्या दाढीवाल्यानं मला केसांना धरायला हात घातला. केस नव्हते. म्हणून कानाला धरून खाली बसवलं.

"त्याला कुठं नेताय?" मी विचारलं.

"बोटीवर."

बोट म्हणजे बंदराबाहेर नांगरलेलं एक जुनं जहाज. माझ्यासारख्याकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असतो, त्याला परत धाडतात. पण जे तिथंच जन्मले आणि यंत्रानं खोटे ठरवले त्यांना घेणार कोण? ते बोटीवर राहतात. पवनचक्कीवर चढलो की ती मला लांबून दिसायची. तेव्हा त्यात धान्य भरलेलं असायचं.

माझा नंबर आला. मला परत त्या खुर्चीच्या खोलीत नेलं; दावितच्या गणवेशाची फाटलेली बाही अजून जमिनीवरच पडली होती. डॉक्टर वेरा चाळिशीची, डोळे तांबारलेली बाई. तिनं माझ्यापुढं पडदा फिरवला. दाढेचे थर रंगवून दाखवले होते.

"पाणी बरोबर येतंय," ती म्हणाली. "इतकी वर्षं इथलंच पाणी. पण पाण्यावर आता विश्वास ठेवत नाहीत. बनावट लोक बर्फाचं पाणी मागवून पितात. अन्न धरतात. आणि तुमचं अन्न इथलं नाही. पहिल्या थरापासून शेवटच्यापर्यंत एकच, दख्खनचं. यंत्राच्या मते मायाप्पा कोळेकर नावाचा माणूस इथं राहत होता, पण तो तुम्ही नव्हे."

मी पेटलोच.

"अहो, मी भाकरी खातो! ज्वारीची! माझी आई धाडायची ज्वारी. अवजारांच्या पेट्यांतनं आमची सांगलीकडची पोरं घेऊन यायची. तुमचा तो स्पंजासारखा पाव माझ्या घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू? घरात छोटी चक्की होती. दोन्ही वेळा भाकरी. आम्ही..."

आणि तिथं माझी जीभ थांबली. "आम्ही सगळे" असं येणार होतं ओठावर.

"डॉक्टर," मी हळू आवाजात विचारलं, "ती आल्मझ म्हातारी काय खायची?"

"तेफ नावाचं धान्य. त्याचे डोशासारखे मऊ घावन करतात."

"ते जातीचं कसं? गव्हासारखं की ज्वारीसारखं?"

वेराबाईनं भोंग्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"ज्वारीसारखं," ती म्हणाली. "मी लिहून कळवलंय. यंत्र चुकतं असा अर्ज केला की तो तपासायला यंत्राकडंच जातो."

दावित इथं जन्मला, इथं वाढला, पण आईच्या हातचं खाल्लं. तेवढ्यावर तो खोटा ठरला. आणि माझ्या घरात? मंजुळा पोटात होती तेव्हा शालनला उलट्यांनी काही पचायचं नाही, फक्त ताकात कुस्करलेली भाकरी पचायची. पोरगी पहिला घास खायला लागली तो दुधात मऊ केलेल्या भाकरीचा. तिच्या हाडात, दातात जी काही माती होती ती माझ्या आईनं पाठवलेली होती.

"नियमाप्रमाणं मला विचारावं लागतं," वेराबाई म्हणाली आणि कागदावरून वाचायला लागली. तिचा आवाज अडखळत होता. "त्याच घरात तेच अन्न खाल्लेला संघाचा नागरिक स्वखुशीनं दात देईल, तर त्याची तुलना..."

"कुणी नाही. बंद करा."

"अप्पा!"

मी मान फिरवली. बाहेरच्या बाजूच्या काचेपलीकडं मला न्यायला आलेली टूवाबाई उभी होती, आणि तिच्या पुढं, काचेला दोन्ही तळवे लावून, माझी मंजुळा. किती वाढली होती! शालनचं कपाळ, माझं नाक. मी पाहिली होती तेव्हा माझ्या कमरेला लागायची. भोंगा चालूच होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

"माझा दात घ्या म्हणावं की!" ती मराठीतच ओरडली. हेल जरा तिकडचा, शब्द आईचे. "मी खाल्लीय ना भाकरी! मी सांगते त्यांना!"

"गप्प बस!" मी खेकसलो. "काही खाल्ली नाहीस तू. घरी जा."

तिचं तोंड उतरलं, आणि मग रागानं लालबुंद झालं.

"तुम्हाला यायचंच नाहीये," ती म्हणाली. "फोनवर नुसतं येतो, येतो. तुम्हाला मी नकोच आहे!"

अहो, काळजाला कुणी विळा घालावा तसं झालं. खरं सांगायला तोंड उघडावं, तर भोंगा टिपून घेणार. बापच कबूल करतोय म्हणून पोरीला उद्या खुर्चीत बसवतील. मी मान खाली घातली. त्याचा अर्थ तिनं तिच्या मनासारखा काढला.

काचेच्या दारातून एक पहारेकरी आत येत होता. मंजुळा त्याच्या काखेखालून घुसली. टूवाबाईची किंकाळी आली. पोरगी धावत आली आणि धावतानाच तिनं दोन बोटं तोंडात घातली. अकरा वर्षांचं पोर, शेवटची दुधाची दाढ हलत असणार. तिनं ती पिरगाळली. एकदा, दोनदा. डोळ्यांत पाणी आलं, हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला, पण तिनं हात काढला नाही. कट्कन आवाज झाला आणि तिनं ती दाढ वेराबाईपुढच्या पांढऱ्या ताटलीत टाकली.

"घ्या," ती म्हणाली. "आता माझ्या अप्पांना सोडा."

पिवळ्या दाढीवाल्यानं ताटलीकडं हात केला. मला दावितचा वाकलेला हात दिसला. ते जहाज दिसलं. मी उडी घातली, टेबलासकट आडवा झालो, आणि तो दात उचलून तोंडात टाकला. पोरीचं रक्त आणि माझं रक्त एकच झालं. गिळला.

मग त्यांनी मला मनसोक्त हाणलं. एकानं गळा आवळला, की खाली उतरायला नको. दुसऱ्यानं तोंडात बोटं घातली, पार नरड्यापर्यंत. मी चावलो. डोक्यात दंडुका बसला आणि टकलावरून गरम धार डोळ्यांत उतरली. खरं सांगतो, आजवर मी मारामारीत इतका आनंदानं मार खाल्ला नव्हता. दात पोटात गेला होता. आता काय करायचं ते करा म्हणावं.

"का?" मंजुळा किंचाळत होती. "का गिळला? अप्पा, का?"

मी जमिनीवर पडलेलो, गुडघा मानेवर. बोलायला फार हवा नव्हती. जे बोलेन ते भोंगा सांगणार. तेव्हा मला ते सुचलं. आमच्याकडं पोराचा दात पडला की तो कुणाच्या हाती द्यायचा नसतो. छपरावर फेकायचा, म्हणजे नवा चांगला येतो. मंजुळेचा पहिला दात पडला तेव्हा मी तिला खांद्यावर घेतलं होतं आणि दोघांनी तो स्काल्वीकच्या घराच्या छपरावर फेकला होता. बर्फात तो दिसेनासा झाला म्हणून ती रडली होती.

"मंजुळे," मी म्हटलं. "आपण पडलेला दात कुणाच्या हाती देतो का गं? कुठं टाकतो आपण?"

भोंग्यानं ते भाषांतरून सांगितलं. पहारेकऱ्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मंजुळा माझ्याकडं बघत राहिली. हुंदका थांबला. तिनं यंत्राकडं पाहिलं, त्याच्यावरच्या लाल दिव्याकडं पाहिलं, मग जमिनीवरच्या निळ्या गणवेशाच्या फाटक्या बाहीकडं. पोरगी शालनची होती, तिला फार समजावून सांगावं लागायचं नाही.

"दात पोटातून काढता येईल," पिवळ्या दाढीवाला म्हणाला. "थांबू दोन दिवस."

वेराबाई उठली. "आधी मुलीला विचारते. तिची संमती नसेल तर तो दात पुरावा होत नाही. मंजुळा, तू तुझा दात तपासणीला दिलास का?"

सगळे तिच्याकडं बघत होते. मी डोळे मिटून घेतले.

"नाही," ती त्यांच्या भाषेत म्हणाली, मोठ्यानं. "तो मी छपरावर टाकलाय."

"खोटं बोलते ही!" पिवळ्या दाढीवाल्यानं तिची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं ओठ वर उचलला. "बघू, दुसरा हलतोय का एखादा."

त्यानंतर जी किंकाळी आली ती त्याची होती. मंजुळेनं त्याच्या अंगठ्यात दात रोवले होते आणि ती सोडेना. तो तिला झटकतोय, ती हिंदकळतेय, पण जबडा गच्च. टूवाबाई तोवर आत आलेली. ती भली थोरली बाई, कोळंबीच्या कारखान्यात पेट्या उचलणारी. तिनं हातातली पिशवी फिरवून त्याच्या कानफटात दिली.

"नागरिक मुलीच्या तोंडात संमतीशिवाय हात घातलात," वेराबाई शांतपणे म्हणाली, "हे मी भोंग्यासमोर नोंदवतेय. सोडा तिला."

मंजुळेनं अंगठा सोडला आणि रक्त थुंकली. त्याचं होतं की तिचं, कोण जाणे. टूवाबाईनं तिला कवेत घेतलं. माझ्या कार्डावर त्यांनी आरपार भोक पाडलं आणि मला फरफटत नेलं. दारापर्यंत मी पोरीकडं बघत होतो. ती रडत नव्हती. दोन्ही ओठ घट्ट मिटून, मुठी आवळून उभी होती.

गावी आलो तो गाल सुजलेला, डोक्याला टाके. भावकीत कुणी विचारलं, कुणी विचारलं नाही. दात कसा परत मिळवला ते विचारू नका, नजर ठेवावी लागते एवढंच सांगतो. साबणानं धुतला, राखेनं घासला, आईच्या तुळशीपुढं क्षणभर ठेवला. मग अंगणात उभा राहून आमच्या पत्र्यावर फेकला. टण् करून वाजला, गडगडत गेला आणि पन्हळीत अडकला.

सरकारी कागदावर मंजुळेची पालक आता टूवाबाईच आहे. पोरगी आता रोज फोन घेते. त्या पहिल्या फोनला तिनं आधी तेच विचारलं.

"अप्पा, दात?"

"पत्र्यावर."

"माझ्या जागी नवीन येतोय. टोक लागतं जिभेला."

"मंजुळे, नीट ऐक," मी म्हटलं. "घरात डब्यात ज्वारीचं पीठ असेल उरलेलं. ते टाकून दे. आणि ती छोटी चक्कीही दे कुणाला तरी. पाव खायचा, बटाटे खायचे, मासे खायचे. भाकरी नाही. कधीच नाही. तू मोठी होशील, एक दिवस मला भेटायला येशील, आणि परत तिथं जाशील तेव्हा तुझं डोकं कुणी बघेल, दात कुणी बघेल. भाकरीचं नावसुद्धा काढायचं नाही. कळलं?"

इकडं चुलीवर माझीच भाकर टम्म फुगली होती. ती करपायला लागली तरी मला उलटवायचं सुचेना.

"खाते पाव," मंजुळा म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

"जेवलो," मी म्हटलं, आणि तवा उतरवला.